पुरुषाला 'वं' म्हणणारा यंत्रमानव

माझा सगळ्यात जुना राग एका यंत्रमानवावर आहे. माणसांवरचे राग येतात, दोन दिवस पाहुण्यासारखे राहतात आणि जातात. नवऱ्यावरचा तर चहाला उकळी फुटेपर्यंतही टिकत नाही. पण तो पत्र्याचा डबा एकदा माझ्या डोक्यात शिरला तो तिथेच बसला आहे. अजून त्याचं नाव निघालं की मी खुर्चीतून अशी ताडकन उठते की सूनबाई आतून ओरडते, "आई, गुडघा!" नातवंडांना वाटतं आजी गंमत करते. आजी गंमत करत नाही. आजीला खरंच त्या यंत्रमानवाच्या कानशिलात द्यायची आहे, आणि तो कागदावरचा आहे, शिवाय लोखंडी आहे, म्हणून ते राहून गेलं आहे.

तेव्हा आम्ही धरमपेठेत एका किराणा दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. पुढे दुकान असल्यामुळे आमच्या घराला कायम हळद, गूळ आणि घासलेट यांचा मिळून एक वास असायचा, आणि दिवसभर तराजूची वजनं एकमेकांवर आपटल्याचा आवाज यायचा. उन्हाळ्यात दारात खसाची टट्टी, म्हणजे वाळ्याचा पडदा, लागायची. तिच्यावर पाणी मारणं हे माझ्या धाकट्या भावाचं, दिनूचं काम. तो टट्टीपेक्षा स्वतःवर जास्त मारायचा. बाबा एका शाळेत मराठी शिकवायचे. आईचं माहेर उमरेडकडचं, शेतीवाल्या माणसांचं. त्यामुळे आमच्या दोन खोल्यांत दोन मराठी नांदत होत्या. पुढच्या खोलीत बाबांची, "मला पाणी हवं आहे" अशी, इस्त्री केलेली. आणि मागच्या खोलीत चुलीजवळ आईची, "पाणी पाहिजे तं उठून घ्या ना जी, मी पीठ मळून राहिली" अशी. बाबा मूळचे इथलेच. त्यांची मराठी त्यांनी कष्टाने मिळवली होती आणि नवी सायकल पुसावी तशी ते ती रोज पुसत. गरम तव्याला हात लागला की मात्र "अरे बाप्पा, जरलो!" असं अस्सल निघायचं. मग ते दोन मिनिटं गप्प बसत आणि आम्ही भिंतीकडे तोंड करून हसायचो. मुलांनी मात्र 'मले', 'तुले', 'काहून' म्हटलं की ते पुस्तकातून मान वर करत. "शब्द धुऊन बोला," म्हणायचे. जणू आई आम्हाला मळके शब्द वाढत होती.

त्या घरात दर आठवड्याला 'तेजोमेघ' यायचा. 'तेजोमेघ' म्हणजे विज्ञानकथांचं चित्र-साप्ताहिक, पुण्या-मुंबईकडून निघणारं. एका अंकात चार-पाच चित्रकथा आणि प्रत्येकीच्या शेवटी ऐन मोक्याला 'क्रमशः'. एकीत कॅप्टन रणधीर अग्निबाणातून ग्रहाग्रहांवर फिरायचा. एकीत समुद्राच्या तळाशी काचेचं शहर होतं, एकीत शुक्रावरची राणी. रंग रेषांच्या बाहेर सांडलेले असायचे. राणीचे ओठ बहुतेक वेळा तिच्या गालावर असत. पण आम्हाला कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. माझी मॅट्रिक झालेली होती, कॉलेज सुरू व्हायचं होतं, म्हणजे चित्रकथा वाचायचं वय उलटून गेलं होतं. मी म्हणायची, दिनूसाठी वाचते. दिनू म्हणायचा, आईसाठी. खरं म्हणजे आईच त्याची सगळ्यात मोठी वाचक होती. तिला वाचता यायचं, पण चित्रकथेतले बोलण्याचे फुगे कुठल्या क्रमाने घ्यायचे हे उमजायचं नाही, म्हणून मी मोठ्याने वाचायची. दुपारी जेवणं झाली की ती सरगुंडे, शेवयांचाच एक प्रकार, वळायला बसायची. कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळून अलगद काढायची, आणि सुपात एकेक वेटोळं पडत जायचं. ऐकता ऐकता तिचे प्रश्न सुरू.

"हा कप्तान इतका दूर गेला, याच्या मायले मालूम आहे काय?"

"आई, तो मोठा माणूस आहे."

"म्हणून मायले नाही सांगावं काय वं? अन् चंद्रावर पाणी नाही म्हणतेत, तं हे भांडे कायनं घासतेत?"

विज्ञानकथा लिहिणाऱ्याने कधी विचार केला नसेल अशा ठिकाणी तिचं बोट पडायचं. मला ती दुपार फार आवडायची. आज मी कितीही चांगली पुस्तकं वाचली असली, तरी वाचनाचा आनंद म्हटला की मला ओल्या खसाचा वास येतो आणि "पुढे वाच ना वं, थांबली काहून?" हे ऐकू येतं.

आणि मग तो अंक आला. मुखपृष्ठावर कॅप्टन रणधीर आणि त्याच्या शेजारी एक नवा यंत्रमानव. पोट म्हणजे पिंप, डोक्यावर नळाची तोटी. नाव पत्र्या. वर लिहिलेलं, 'हसून हसून पुरेवाट!' मी वाचायला लागले. कॅप्टनने भंगारातून यंत्रमानव जोडला होता, त्याला कळ दाबून जागं केलं होतं, आणि तो डोळे मिचकावून पहिलंच वाक्य बोलला. मी ते वाचलं, "कप्तानसाहेब, मले भूक लागली वं!"

आईचा हात काडीवर थांबला. "हा कोणाले वं म्हणून राहिला?"

"कॅप्टनला."

"कप्तान बाई होय?"

"नाही ना."

"मंग बाप्याले वं काहून म्हणते हा? बाप्याले गा म्हणतेत. वं तं बाईले." तिला अजून वाटत होतं की छापणाऱ्याची साधी चूक आहे. "पुढे वाच."

पुढे पत्र्या शुक्राच्या राणीला "काय गा राणी" म्हणाला. म्हणजे लिहिणाऱ्याने आमच्या भाषेतले दोन शब्द कुठून तरी उचलले होते आणि नेमके उलटे लावले होते, पायजम्यात हात घालावेत तसे. दिनू मात्र लोळायला लागला. मग पत्र्याने विद्युतपेटीच्या जागी कॅप्टनचं जेवण खाल्लं, दार समजून खिडकी उघडली, आणि दर चुकीमागे एक 'काहून' आणि एक 'मले'. पानाच्या शेवटी कॅप्टन सोबत्यांना म्हणत होता, "चालायचंच! भंगाराच्या डोक्यात शुद्ध भाषा कुठून येणार?" आणि अख्ख्या अग्निबाणभर 'हा हा हा' लिहिलेलं होतं. मी तेही वाचलं. वाचत होते म्हणून वाचलं. तोंड डोक्याच्या पुढे धावत होतं. आणि पुढच्या खोलीतून बाबांच्या हसण्याचा आवाज आला.

"बघा," ते तिथूनच म्हणाले, "मी सांगत नव्हतो? आता अग्निबाणातसुद्धा या बोलण्याला हसायला लागले!"

 आईने हातातलं सरगुंडं काडीवरून काढलं, ते तुटलं, ते पुन्हा पिठात मिसळलं. मग सूप उचलून ती उन्हात गेली.

दिनूला तर खेळच मिळाला. डोक्यावर गंज, म्हणजे पितळी पातेलं, उपडा घालून, हात ताठ करून तो घरभर "म-ले भू-क ला-ग-ली वं" करत फिरायचा. आईने काही बोलायला तोंड उघडलं की मागून हा लोखंडी प्रतिध्वनी. गल्लीतल्या पोरांनी ते उचललं. त्याला मी दोनदा बदडला, पण तो नऊ-दहा वर्षांचा, त्याला आपण कोणाला हसतो आहोत हेच कळत नव्हतं. आणि मग एका दुपारी मी नवा अंक घेऊन आईजवळ बसले, तर ती म्हणाली, "तू वाच तुझं. मला... मला काम आहे."

'मला.' माझ्या आईच्या तोंडून. कोणी परकी बाई चुलीजवळ येऊन बसावी तसं झालं. त्या दिवसापासून ती बोलण्याआधी वाक्य निवडून घ्यायला लागली, तांदूळ निवडतात तसं. एकेक खडा बाजूला. निवडेपर्यंत बोलायची वेळ निघून जायची, म्हणून बोलणंच कमी झालं. भाजीवालीकडे गेली आणि "कोथिंबीर द्या" म्हणाली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ती भाजीवाली वर्षानुवर्षं आईला सांबार देत आलेली. तिने टोपलीभर बघितलं आणि म्हणाली, "ते काय असते बाई?" आई तशीच परत आली. त्या दिवशी वरणावर हिरवं पान नव्हतं. बाबांनी जेवताना विचारलंही, "आज वरण असं का?" मी रागाने नुसती फुगले होते. बाबांवर राग, दिनूवर राग, आणि त्या दूरच्या, न पाहिलेल्या लेखकावर तर असा राग की त्याला कळ दाबून बंद करावं.

पण करणार काय? आमच्या गावातल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत वाचकांनी लिहिलेली परीक्षणं छापून येत. नवं पुस्तक, नवं नियतकालिक, काहीही. मी ठरवलं, त्या अंकाचं परीक्षण करायचं. कसं केलं हे आता आठवलं की मीच हसते. सुरुवातच 'साहित्य हा समाजाचा आरसा आहे' अशी. मग 'सबब', 'तद्वतच', 'प्रस्तुत अंकाचे परिशीलन करता'. बाबांची मुलगी ना मी! समुद्रतळाच्या कथेत माशांना पापण्या आहेत, असं लिहिलं. अग्निबाणाला एका पानावर तीन शेपट्या आणि दुसऱ्यावर चार, असं लिहिलं. राणीच्या ओठांचं स्थलांतरही सोडलं नाही. आणि मग मुख्य मुद्द्यावर आले. लिहिलं की पत्र्या पुरुषाला 'वं' म्हणतो; आमच्याकडे पुरुषाला 'गा' म्हणतात आणि बाईला 'वं', एवढं ज्याला माहीत नाही त्याने शुक्रावर जाण्याआधी एकदा विदर्भात यावं. लिहिलं की 'मले' हा शब्द 'मला' इतकाच जुना आणि धडधाकट आहे. लिहिलं की आमच्याकडे कोणी 'का' विचारत नाही, 'काहून' विचारतात, आणि आम्ही विचारतो आहोत, काहून? हे शेवटचं वाक्य लिहिल्यावर मी स्वतःच उठून आरशात बघून आले.

दोन-तीन रविवार गेले आणि ते छापून आलं. माझं पूर्ण नाव. बाबांनी पेपर उघडला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की क्षणभर माझा त्यांच्यावरचा राग विरघळला. ते वाचत गेले. मग भुवया जवळ आल्या. पुन्हा वाचलं.

"भाषा चांगली आहे," ते सावकाश म्हणाले, "पण सुमे, यात तर्क कुठे आहे?"

मी पेपर ओढून घेतला. छापलं होतं, "पत्र्या पुरुषाला 'अहो' म्हणतो, आमच्याकडे पुरुषाला 'अहो' म्हणतात आणि बाईला 'अहो'." छापलं होतं, "'मला' हा शब्द 'मला' इतकाच जुना आणि धडधाकट आहे." आणि शेवटी, "आमच्याकडे कोणी 'का' विचारत नाही, 'का' विचारतात, आणि आम्ही विचारतो आहोत, का?"

कोणीतरी माझं परीक्षण शुद्ध केलं होतं.

इथे जरा थांबून सांगते, हा प्रकार संपलेला नाही. माझ्या मोबाइलवर मी दिनूला 'मले सांग' लिहायला गेले की तो आपोआप 'मला सांग' करतो. परवा त्याने हे लागोपाठ केलं, तेव्हा मी त्याला मोठ्याने जे बोलले ते ऐकून नातू म्हणाला, "आजी, तो मशीन आहे." तेच तर म्हणते मी, पुन्हा यंत्रच!

तर, मी रडायला लागले. रागाचं रडणं, नाक वाहणारं. आई चुलीजवळून उठून आली. तिने पेपर घेतला आणि बोट फिरवत, ओठ हलवत, सगळं वाचलं. तिला मी काय लिहिते आहे हे माहीतही नव्हतं.

"इथं तूनं काय लिहिलं होतं?" तिने 'मला'वर बोट ठेवून विचारलं.

"मले."

"अन् इथं?"

"वं. आणि इथे गा. आणि इथे काहून." मी सगळं सांगितलं. ती ऐकत गेली. तिच्या नाकपुड्या हलायला लागल्या. आमच्या घरात ही खूण सगळ्यांना ठाऊक होती. बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"म्हणजे माह्या पोरीनं माह्यासाठी भांडण केलं, अन् यानं मधातच तिचं तोंड धुऊन टाकलं? मले न विचारता?" तिने पदर खोचला. "सुमे, उद्या चाल माह्यासंगं."

किती आठवड्यांनी तो 'मले' ऐकला. मी रडायचं विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी सायकलरिक्षाने आम्ही त्या दैनिकाच्या कचेरीत गेलो. आत शाईचा उग्र वास आणि मागे कुठेतरी यंत्राची धडधड. पुरवणीचं मुद्रितशोधन बघणारे वांदिले म्हणून गृहस्थ होते. बारीक, लाल पेन्सिल कानावर. आईने पेपर त्यांच्यापुढे पसरला.

"भाऊ, हे तुम्ही बदललं काय?"

"बदललं नाही बाई, शुद्ध केलं," ते नम्रपणे म्हणाले. "मजकुरात बरेच अशुद्ध शब्द होते. मुलगी लहान आहे, होतं असं."

"ते मुद्दाम लिहिले होते!" मी म्हणाले. "अवतरणचिन्हांत होते!"

"अवतरणचिन्हं मी ठेवली आहेत," वांदिले गंभीरपणे म्हणाले.

"बरं," आई म्हणाली, "मंग हे वाचा. 'मला' हा शब्द 'मला' इतकाच जुना. याचा अर्थ काय होते?"

त्यांनी वाचलं. कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा लावली. "अर्थ बघणं माझ्याकडे नाही बाई. माझ्याकडे ऱ्हस्व-दीर्घ."

"अन् बाप्याले अहो, बाईलेही अहो? मंग पोरगी भांडली कायले?"

"हे बघा, छापील भाषेचा एक दर्जा असतो. घरचं बोलणं घरी. इथे आम्ही जर..." त्यांचा आवाज चढायला लागला होता, तेवढ्यात आतून, यंत्राच्या धडधडीवर ताण करून, कोणीतरी ओरडलं, "वांदिले! तिसरं पान कोरं काहून आहे गा?"

आणि वांदिले मान वळवून, आमच्यापेक्षा मोठ्याने ओरडले, "मले काय मालूम! जाहिरातच नाही आली अजून, मी काय करू गा? कवाचा वाट पाहून राहिलो!"

मग ते आमच्याकडे वळले.  आई नुसती बघत राहिली, अगदी आदराने, पाहुण्यांनी गाणं संपवल्यावर बघतात तशी. वांदिल्यांचे कान लाल झाले.

"बाई, ते... घरचं बोलणं आहे."

"घरचंच लिहिलं होतं तिनं," आई म्हणाली. "तुमच्याही घरचं."

त्यांनी टेबलावरचे कागद इकडचे तिकडे केले. मग एका खिळ्याला लावलेल्या गठ्ठ्यातून त्यांनी माझी हस्तलिखित पानं काढली. त्यांच्या लाल पेन्सिलीने ती गोवर आलेल्या पोरासारखी दिसत होती. ती त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि ह्या वेळी, मला वाटतं, अर्थासकट, कारण विदर्भात यावं ह्या वाक्याशी त्यांना हसू आलं आणि ते त्यांनी खोकल्यात लपवलं. "परीक्षण पुन्हा छापता येणार नाही," ते म्हणाले. "पण चूक झाली तर शुद्धिपत्र देण्याची पद्धत आहे. ते देतो."

"शुद्धिपत्र म्हणजे काय होते?" आईने रिक्षात मला विचारलं. मी म्हटलं, म्हणजे कोपऱ्यात बारीक अक्षरात दोन ओळी, कोणी वाचत नाही. माझं समाधान झालेलं नव्हतं. मला पहिल्या पानावर माफी हवी होती, चौकटीत.

रविवारी पोहे शिजत होते. बाबांनी पुरवणी उघडली आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला लागले. खालच्या कोपऱ्यात पोचले तेव्हा त्यांचा वर्गात वाचायचा आवाज चालू होता, आणि तो मध्येच थांबवणं त्यांना जमलं नाही. दैनिकाच्या नेहमीच्या पद्धतीने दोन रकाने पाडलेले होते, डावीकडे 'अशुद्ध' आणि उजवीकडे 'शुद्ध'.

"अशुद्ध, मला," बाबांनी वाचलं. "शुद्ध, मले. अशुद्ध, का. शुद्ध... काहून. अशुद्ध, अहो. शुद्ध, पुरुषास गा, स्त्रीस वं."

 वांदिल्यांनी हे पद्धत म्हणून केलं की मुद्दाम, हे मला आजही ठाऊक नाही. दिनू तोंड उघडं टाकून एकदा आईकडे आणि एकदा बाबांकडे बघत होता.  बाबांनी बोट मथळ्याशी नेलं, तिथेच ठेवलं. त्यांना काहीतरी म्हणणं भागच होतं. आयुष्यभराची नोकरी होती त्यांची.

"'शुद्धिपत्र' शब्दातला 'द्धि' ऱ्हस्व हवा," ते अखेर म्हणाले. "यांनी दीर्घ छापला आहे. एवढंही येत नाही लोकांना!"

आईने पोह्यांवर भरपूर सांबार पेरला आणि ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

"ते तुमचं तुम्ही पाहा जी," ती म्हणाली. "आमचं शुद्ध झालं."